शाईपेनांच्या बैठकीविषयी बाबांना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही आणि तुमचे दोघे-तिघे स्नेही निवृत्तीनंतर पुन्हा शाईपेनाने लिहू लागला आहात, हे पत्रात वाचण्याआधी पाकिटावरचे अक्षर पाहूनच माझ्या लक्षात आले होते. इथे मी शाईपेनवाल्यांच्या ज्या मासिक बैठकीला जाते तिथे नेमके काय चालते, आणि तुम्हाला तशी बैठक सुरू करायची झाल्यास ती कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. आईने त्याच पत्राच्या समासात "पेन घेऊन लिहायचे सोडून ही माणसे पेनाविषयी बोलत काय बसतात?" अशी ओळ घातली आहे. तिचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर सापडले की तुमच्या प्रश्नाचे निम्मे काम होते.

शाईपेन हातात घेतल्याशिवाय कळत नाही, आणि एकट्या माणसाच्या हातात येऊन येऊन पेने येणार तरी किती? पेनाची लांबी, वजन, निबेचा धातू, शाई भरण्याची पद्धत हे सगळे छापून सांगता येते. परंतु तेच पेन एकाच्या हातात सरळ वाहते आणि दुसऱ्याच्या हातात दर तिसऱ्या शब्दाला अडते, याचे कारण त्या माहितीत कुठेच नसते. ते लिहिणाऱ्याच्या पकडीत, पेन कागदावर किती कलते त्यात, हाताच्या दाबात आणि अक्षराच्या वळणात असते. दुकानात पेन पाहायला मिळाले तरी तिथे बहुधा निब दौतीत बुडवून दोन ओळी लिहू देतात, आणि बुडवलेल्या निबेखालच्या जिभेत, म्हणजे निबेपर्यंत शाई पोचवणाऱ्या भागात, शाई गच्च भरलेली असल्यामुळे ते पेन आपल्या खऱ्या स्वभावापेक्षा ओले लिहिते. मालकाने स्वतः शाई भरलेले, रोजच्या वापरातले पेन बसल्या जागी सावकाश लिहून पाहायला मिळणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती अशा बैठकीतच मिळते.

याला आणखी एक कारण आहे. लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये आपल्या पेनाचे पेटंट घेतले, तेव्हापासून पुढची साठ-सत्तर वर्षे हे पेन कचेरीत आणि शाळेत सर्रास वापरले जाई. निब वाकली तर काय करायचे, शाई सुकली तर पेन कसे धुवायचे, कोणती शाई पेनात घालायची नाही, हे ज्ञान त्या काळी शेजारच्या मेजावरच मिळत असे. १९५० मध्ये बिक कंपनीचे स्वस्त बॉलपेन आले आणि त्याच्या मागोमाग लिहिण्याच्या साधनाची निगा राखण्याची गरजच संपली. निगा संपली तसे ते ज्ञानही शेजारच्या मेजावरून नाहीसे झाले. बैठकीत आम्ही जे करतो ते बव्हंशी हेच, की शेजारचे मेज पुन्हा मांडतो.

आमच्याकडे वाचनालयाची एक खोली मिळते. लांब मेज, वरून पडणारा पांढरा उजेड, मेजावर जाड कागद अंथरलेला, एका टोकाला पाण्याचे दोन वाडगे आणि शाई टिपायला भरपूर कागदी रुमाल, एवढीच तयारी असते. येणारा प्रत्येक जण आपली तीन-चार पेने एका कापडी पट्टीवर मांडतो आणि प्रत्येक पेनाखाली एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर पेनाचे नाव, निबेचा आकार आणि आत भरलेल्या शाईचे नाव एवढे लिहिलेले असते. ही चिठ्ठी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चिठ्ठी नसली की ओळखपाळख, किंमत, कुठून घेतले अशा गप्पांत वेळ जातो. चिठ्ठी असली म्हणजे बुजरा माणूससुद्धा कुणाला काही न विचारता काय लिहून पाहायचे ते ठरवू शकतो, आणि मग बोलणे निघते ते थेट त्या पेनाविषयी निघते. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी ही पद्धत पाडा. मागाहून ती रुजत नाही.

आता निबेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बैठकीतला निम्मा वेळ तिच्यावरच जातो. निबेवर एफ, एम, बी (म्हणजे बारीक, मध्यम, रुंद) अशी जी अक्षरे कोरलेली असतात त्यांना सर्व कंपन्यांत मिळून एकच माप नाही. जपानी कंपन्यांची एफ निब युरोपीय एफपेक्षा बहुधा बारीक लिहिते, कारण अनेक रेषांची चिनी वळणाची अक्षरे लहान चौकटीत स्पष्ट उमटावीत हा त्यांचा हेतू असतो. माझा अनुभव असा की आपली जोडाक्षरे लहान अक्षरात लिहायची झाली तर तीच जपानी निब सोयीची पडते. 'ष्ट्य' किंवा 'क्ष्म' यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजत नाहीत. याउलट टोक सपाट कापलेली निब असते, तिला स्टब म्हणतात. तिने उभी रेषा जाड येते आणि आडवी बारीक येते. रोमन लिपीत ते भारदस्त दिसते. देवनागरीत मात्र काना ठळक होतो आणि शिरोरेषा नाजूक राहते, त्यामुळे शब्द वरून टांगलेला न वाटता खांबांवर उभा असल्यासारखा वाटतो. तिच्या उलट घडणीची, आर्किटेक्ट या नावाची एक निब असते. तिने आडवी रेषा जाड येते आणि उभी बारीक. ती घासून देणारे कारागीर वेगळे असतात आणि ती फारशी कुणाकडे नसते, पण आमच्या बैठकीत एका बाईंकडे ती होती. त्या अरबी लिहितात. त्यांच्या पेनाने मी चार ओळी मराठी लिहिल्या तेव्हा शिरोरेषा अशी भरघोस उमटली की मेजावरच्या मंडळींनी, एक अक्षरही न वाचता येणाऱ्यांनी, तो कागद हातोहात फिरवला. कोणती निब चांगली याचे उत्तर लिपी विचारल्याशिवाय देता येत नाही, हे मला त्या मेजावर उमगले. तुमच्या बैठकीत लिपी एकच असेल, तरी वळणे वेगळी असतीलच. मोडी शिकणारा कोणी स्नेही असल्यास त्याला अवश्य बोलवा, कारण हात न उचलता लिहिण्याने निबेची जी परीक्षा होते ती सुट्या अक्षरांनी होत नाही.

सोन्याच्या निबेविषयी तुम्ही मुद्दाम विचारले आहे. निबेवर ५८५ हा आकडा असेल तर ती १४ कॅरटची, ७५० असेल तर १८ कॅरटची. सेलर ही जपानी कंपनी २१ कॅरटच्याही निबा करते. परंतु कागदाला टेकतो तो भाग सोन्याचा नसतो. सोने मऊ असल्यामुळे ते लवकर झिजेल, म्हणून टोकाला ऑस्मियम, रुथेनियम अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा एक बारीक कण जोडलेला असतो, आणि चांगल्या स्टीलच्या निबेलाही तसाच कण असतो. निब गुळगुळीत चालते की खरखरते हे त्या कणाच्या घासणीवर ठरते. सोन्यामुळे फार तर थोडी लवचीकता येते, आणि तीही प्रत्येक सोन्याच्या निबेत असतेच असे नाही. आमच्याकडे एकदा निबा झाकून सोन्याची कोणती आणि स्टीलची कोणती हे केवळ लिहून ओळखण्याचा खेळ झाला, त्यात भल्याभल्यांचे अंदाज चुकले. असा खेळ तुम्हीही लवकर घ्या. महाग पेनवाल्यांचा आणि साध्या पेनवाल्यांचा वेगळा गट पडण्याची जी खोड अशा मंडळांना लागते, तिच्यावर दुसरा चांगला उपाय मला माहीत नाही.

दहापट मोठे दाखवणारे एक भिंग मात्र मेजावर हवेच. नवा आलेला माणूस बहुतेक वेळा "पेन खरखरते" ही तक्रार घेऊन येतो, आणि भिंगातून पाहिले की दहांतल्या सात-आठ वेळा निबेच्या चिरेच्या दोन पात्यांपैकी एक पाते केसभर वर गेलेले दिसते. वरचे पाते नखाने हलकेच खाली दाबून सोडायचे, पुन्हा भिंगातून पाहायचे, पुन्हा लिहून पाहायचे. बहुतेकदा एवढ्याने काम होते आणि तो माणूस चकित होऊन घरी जातो. दुसरा दोष असा की पेन खरखरत नाही, उलट फारच गुळगुळीत असते, पण शब्दाच्या आरंभी शाई उमटतच नाही. यात टोकाच्या कणाच्या आतल्या कडा चिरेपाशी गरजेपेक्षा जास्त गोल झालेल्या असतात, त्यामुळे शाई चिरेपर्यंत येते पण कागदाला भिडत नाही. हा दोष अतिबारीक घासपट्टीवर टोक घासूनच जातो. बैठकीत घासपट्टी आणणारा उत्साही गृहस्थ लवकरच उगवेल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा की वाकलेले पाते परत सरळ करता येते, घासलेला कण परत येत नाही. ज्याने आधी स्वतःच्या स्वस्त पेनांवर हात बसवलेला आहे त्यालाच दुसऱ्याचे पेन घासू द्यावे, आणि तेही मालकाच्या देखत.

यावरून शिष्टाचाराकडे येते. आमच्या बैठकीत लिहून ठेवलेले नियम नाहीत, पण अलिखित नियम सर्व जण काटेकोर पाळतात. दुसऱ्याचे पेन विचारल्याशिवाय उचलायचे नाही. उचलल्यावर टोपण पेनाच्या मागे लावायचे नाही, कारण काही पेनांवर त्याने ओरखडे पडतात. मालक हो म्हणाला तर लावावे. आपल्या रोजच्या दाबाने लिहावे, आणि तो दाब बॉलपेनाच्या सवयीचा असेल तर आधी तसे सांगावे. जुन्या लवचीक निबा पाहिल्या की लोकांना त्या दाबून जाड-बारीक रेषा काढण्याचा मोह होतो. मर्यादेपलीकडे दाबलेली पाती पुन्हा जवळ येत नाहीत आणि ते पेन कायमचे बिघडते, म्हणून अशी निब किती दाबायची हे आधी मालकाने दाखवायचे आणि मग पाहुण्याने करायचे. पेनाचे फिरते भाग उघडून पाहायचे नाहीत. पिस्टनचे, म्हणजे आतल्या दट्ट्याने शाई ओढणारे, पेन मागची घुंडी फिरवून "हे काय आहे" म्हणून पाहिले की शाई मेजभर होते. आणि किंमत विचारायची नाही. ज्याला सांगायची असेल तो सांगतो. तुम्हाला हे वाचताना वाटेल की एवढ्याशा वस्तूसाठी केवढे हे सोपस्कार. पण वापरातले शाईपेन ही फार खाजगी वस्तू असते. आपले पेन परक्याच्या हातात देताना माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर जी चलबिचल दिसते ती किंमतीपोटी नसते, आणि ती चलबिचल मोडून पेन पुढे करणे हेच अशा बैठकीचे खरे भांडवल आहे. ते एकदा गमावले की लोक पेने खिशात ठेवून नुसत्या गप्पा मारतात. आईचा आक्षेप मग खरा ठरेल.

डावखुऱ्यांची एक खुर्ची ध्यानात ठेवा. डावखुरा माणूस निब ओढण्याऐवजी पुष्कळदा ढकलत लिहितो, आणि हात ओळीच्या वरून वळवून लिहीत असेल तर ओल्या शाईवरून त्याचा तळहात जातो. त्याला लवकर सुकणारी शाई, बारीक निब आणि शाई चटकन शोषणारा कागद या तिन्ही गोष्टी एकदम लागतात. आपल्यासारखे उजवे त्याला अतिशय ओली, रुंद निब मोठ्या प्रेमाने पुढे करतात, आणि तो शहाणा असल्यामुळे ती गोड मानून परत देतो. अशा सभासदाला एकट्याने प्रयोग करायला लावण्यापेक्षा एक संध्याकाळ त्याच्याच हाताला वाहून टाकावी.

शाईबाबत तुमचा उत्साह मोठा दिसतो, तेव्हा आधी एक धोक्याची गोष्ट सांगते. चित्रकारांची जी काळी इंडिया इंक मिळते तिच्यात लाखेसारखे बांधक असते. ती शाईपेनात कधीही भरू नये, सुकली की पेन बंद पडते. मायफळातले टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून केलेली जुन्या पद्धतीची शाई पेनासाठी मुद्दाम सौम्य करून विकतात. ती लिहिताना फिकी असते आणि हवेने काळवंडत जाते, पाण्याने जात नाही, म्हणून दस्तऐवजांसाठी तिचा मान होता. परंतु ती आम्लधर्मी असल्यामुळे पेनात आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये. दोन शाया हौसेने एकत्र करून लगेच पेनात घालू नयेत. काही शायांचा एकमेकींशी संयोग होऊन गाळ धरतो, तेव्हा मिश्रण आधी काचेच्या नळीत काही दिवस ठेवून पाहावे.

बैठकीत शाईची देवाणघेवाण अशी होते की प्रत्येक जण एक-दोन दौती आणतो, बोथट सुईच्या पिचकारीने दोन-दोन मिलिलिटर शाई लहान बाटल्यांत काढतो आणि नाव लिहून देतो. पेनातल्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई भरायच्या सुट्या नळीत, साधारण अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, म्हणजे एवढ्याशा नमुन्यातून पेन दोन-तीनदा भरता येते, आणि अख्खी दौत घेऊन मग रंग आवडला नाही असे होत नाही. प्रत्येक शाईगणिक सुई धुवावी. आमच्याकडचे ते दोन वाडगे त्याच्याचसाठी आहेत. मुले आली तर त्यांच्यासाठी एक प्रयोग ठेवा. टीपकागदाच्या पट्टीवर खालपासून बोटभर उंचीवर काळ्या शाईचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचे खालचे टोक, ठिपका न बुडेल इतपत, पाण्यात ठेवायचे. पाणी वर चढते तसे काळ्या रंगातले निळे, जांभळे, पिवळे घटक वेगवेगळ्या उंचीवर सुटे होतात. मोठी माणसेही मुलांइतकीच वाकून पाहतात, असे आमच्याकडे दिसून आले.

कागदाविषयी थोडक्यात सांगते. जाड कागद चांगला हा समज सोडून द्यावा लागतो. टोमोए रिव्हर नावाचा प्रसिद्ध जपानी कागद चौरस मीटरला अवघा ५२ ग्रॅम वजनाचा, पाठची ओळ दिसेल इतका पातळ, आणि तरी त्याच्यावर शाई फुटत नाही की आरपार जात नाही. तंतूंमध्ये शाई झिरपू नये म्हणून केलेली पृष्ठभागाची प्रक्रिया त्याच्यावर उत्तम असते. याची दुसरी बाजू अशी की त्याच्यावर शाई सुकायला वेळ लागतो, आणि मघाच्या डावखुऱ्या सभासदाला तो कागद शत्रू वाटतो. बैठकीत निदान तीन प्रकारचे कागद ठेवा, त्यांतला एक तुमच्या घरातला रोजचा साधा कागद असू द्या. सर्वांत गुळगुळीत कागदावर सर्वच पेने चांगली लिहितात, त्यामुळे पेनाची खरी पारख त्याच्यावर होत नाही.

विक्री होऊ द्यावी की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच येईल. आमच्याकडे तो शेवटची वीस मिनिटे असा सुटला आहे. त्याआधी कोणी विकायची पेने मांडत नाही. माझे मत याहून कडक आहे. खरेदी-विक्रीसाठी पेन शो असतात, तिथे व्यापारी आणि दुरुस्ती करणारे कारागीर येतात, तो वेगळा आणि चांगला प्रकार आहे. बैठकीत विक्री शिरली की चिठ्ठीवर शाईच्या नावाऐवजी आकडा येतो आणि लिहून पाहणारा गिऱ्हाईक होतो. कंपन्यांनी भरवलेल्या बैठकाही असतात. जर्मनीच्या पेलिकन कंपनीने २०१४ मध्ये असा उपक्रम सुरू केला, ज्यात जगातल्या अनेक शहरांतले चाहते एकाच संध्याकाळी जमतात. आधी नाव नोंदवायचे, प्रत्येक ठिकाणी एक स्वयंसेवक व्यवस्था पाहतो आणि कंपनीकडून शाईची दौत भेट मिळते. मी त्याला जाऊन आले आहे. गर्दी होती, आनंद होता, पण शांतपणे लिहायला फारसे मिळाले नाही. नव्या ओळखींसाठी असे मेळावे उत्तम. शिकायचे असेल तर सात-आठ माणसांचे मेज बरे. बारापेक्षा अधिक जमली तर तुम्ही दोन मेजे करा, म्हणजे प्रत्येक पेन प्रत्येकाच्या हाताखालून जाऊ शकेल.

सुरुवातीसाठी मुहूर्त हवा असेल तर नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार पाहा. २०१२ पासून जगभरातले शौकीन तो शाईपेनाचा दिवस म्हणून पाळतात. पण खरे म्हणाल तर तारखेपेक्षा नियमितपणा मोलाचा. दर महिन्याचा एक ठरलेला वार आणि एक ठरलेली खोली असू द्या, आणि कोणी येवो न येवो, दोघांनी तिथे जाऊन बसायचे, एवढे पाळले की मंडळ टिकते. सभासद-वर्गणी, अध्यक्ष, चिटणीस यांच्या भानगडीत निदान वर्षभर पडू नका. तुमच्या स्नेह्यांपैकी जोशीकाकांना घटना लिहिण्याची हौस आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते! प्रत्येक वेळी एक छोटा विषय ठरवा, एकदा पेन धुणे, एकदा कागद, एकदा पिस्टन आणि ड्रॉपरने भरायची पेने. आणि विषयाच्या अर्ध्या तासानंतर सर्वांनी एकच परिच्छेद निरनिराळ्या पेनांनी उतरवून काढावा. नवख्या माणसाला काय बोलावे हे सुचत नाही, पण उतरवून काढायला सांगितले की त्याचा संकोच जातो.

आता आजोबांच्या पेटीत तुम्हाला सापडलेल्या पेनाविषयी. त्याच्या बाजूला धातूची बारीक तरफ आहे असे तुम्ही लिहिता. ही तरफेची पद्धत शेफर कंपनीने १९१२ च्या सुमारास बाजारात आणली आणि पुढे अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले, तेव्हा केवळ तरफेवरून पेन कोणाचे हे सांगता येणार नाही. आत रबराची पिशवी असते. तरफ उचलली की आतली पट्टी पिशवी दाबते, सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. इतक्या वर्षांनी ते रबर दगडासारखे कडक झाले असणार, आणि तरफ जोराने उचललीत तर तरफ तरी मोडेल नाहीतर दांडी तरी तडकेल. म्हणून कृपा करून ती उचलू नका. निबेकडचा भाग दांडीतून सोडवायला गरम पाण्यात पेन बुडवण्याचा सल्ला कोणी देईल, तोही ऐकू नका. जुने काळे एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबर, गरम पाण्याने तपकिरी पडते, आणि दांडी सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असेल तर अधिक उष्णतेने ती वेडीवाकडी होते, पेटही घेऊ शकते. पिशवी बदलणे अवघड नाही, पण ते ज्याने पूर्वी केले आहे त्यानेच करावे.

सध्या एवढेच करा. पेन कोरड्या मऊ कापडाने पुसा, खिडकीपाशी धरून दांडीवर उजेड आडवा पडू द्या, आणि अस्पष्ट का होईना, जी अक्षरे व आकडे कोरलेले दिसतील ते जसेच्या तसे उतरवून पाठवा. टोपणाच्या पट्टीवर आणि निबेवर काय आहे तेही लिहा. आमच्या बैठकीत जुन्या पेनांची दुरुस्ती करणारे एक आजोबा आहेत, त्यांना दाखवते. पिशवीचे माप आणि पुढचा मार्ग ते सांगतील, आणि मी येताना लागेल ते सामान घेऊन येईन.

आईला आणि जोशीकाकांना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
मृण्मयी